दात गेला, आता इम्प्लांट? पुण्यात हे काम करून घ्यायचं असेल तर

दाढ काढली की ठणका थांबतो आणि घरातला विषय संपतो. मागची दाढ हसताना दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येतं, आणि दोन-तीन वर्षं तशीच निघून जातात. नेमकं याच काळात तिथलं हाड झिजत असतं. दाताच्या मुळाला धरून ठेवणं हेच त्या हाडाचं काम असतं. मूळ गेलं की ते आटायला लागतं, आणि पहिल्याच वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली त्या पोकळीकडे सरकते. इम्प्लांट करायचं की नाही हे नंतर ठरवा, पण त्याबद्दल डॉक्टरांशी दाढ काढण्याआधीच बोला. हाड न तोडता दाढ कशी काढायची, खड्ड्यात लगेच ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी घालायचा भराव, भरायचं का, इम्प्लांट त्याच बैठकीत बसेल का, या गोष्टी तेव्हाच ठरतात.

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा जोड, म्हणजे अॅबटमेंट. आणि त्यावर कॅप, जी आपल्याला दात म्हणून दिसते. पुढे खर्चाचा कागद वाचताना हे तीन भाग लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतात.

मुळात गरज आहे का?

अक्कलदाढ काढली असेल तर तिच्या जागी काहीही बसवायचं नसतं. तिच्या अलीकडची शेवटची दाढ गेली असेल आणि समोर चावायला दात नसेल, तर तिथेही कित्येकदा काही न करणं चालतं. कुणी तिथे इम्प्लांट सुचवलं तर का, ते विचारा.

एकच दात गेला असेल आणि शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, तर इम्प्लांटची बाजू भक्कम आहे, कारण ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या जोडदातासाठी, ते दोन चांगले दात तासावे लागतात. पण त्या दोन्ही दातांना आधीच रूट कॅनाल आणि कॅप झालेली असेल, तर ब्रिजचा विचार जरूर करावा. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं, खर्च कमी आणि शस्त्रक्रिया नाही. इम्प्लांट आधुनिक म्हणून चांगलं आणि ब्रिज जुना म्हणून वाईट, असं काही नाही.

शाळकरी मुलाचा पुढचा दात सायकलवरून पडून तुटला, तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. वाढ अठराच्या आसपास थांबते, मुलग्यांची अनेकदा त्याहून उशिरा. आधीच बसवलं तर बाजूचे दात वाढीबरोबर खाली येतात आणि इम्प्लांट वरच राहतं. तोवर काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात चालतो.

उलट वय जास्त आहे म्हणून इम्प्लांट नको, असंही नसतं. पंचाहत्तरीच्या माणसालाही ते होतं. प्रश्न वयाचा नसून शुगर, हाड, औषधं आणि ब्रश धरणाऱ्या हाताचा असतो.

डॉक्टर निवडताना

पुण्यात कुठल्याही पेठेत किंवा उपनगरात चार इमारतींमागे एक डेंटल क्लिनिक आहे, आणि बहुतेकांच्या पाटीवर इम्प्लांट लिहिलेलं असतं. पाटीवरून काही कळत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असायला हवी, ते तर किमान झालं. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, झालेल्यांपैकी तीन शाखांचा या कामाशी जवळचा संबंध येतो: ओरल सर्जन, हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट. बीडीएस डॉक्टरही प्रशिक्षण घेऊन इम्प्लांट उत्तम करतात. पदवीइतकंच महत्त्वाचं हे, की ते अशी कामं नियमित करतात का आणि पाच-सात वर्षांपूर्वी केलेल्या कामांचे एक्स-रे दाखवायला तयार आहेत का.

नेहमीच्या क्लिनिकमध्ये इम्प्लांटसाठी बाहेरून व्हिजिटिंग सर्जन येतात, ही पद्धत सर्रास आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त एक प्रश्न आधी विचारून ठेवा: काही बिघडलं तर मी फोन कुणाला करायचा? स्क्रू एकाने बसवला, कॅप दुसऱ्याने लावली, आणि तक्रार आल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत, अशी वेळ यायला नको.

पैसे वाचवायचे असतील आणि हाताशी वेळ असेल, तर डेंटल कॉलेजचा पर्याय खरोखर चांगला आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीच्या संत तुकारामनगरचं डी. वाय. पाटील, वडगाव बुद्रुकचं सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, ही सगळी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. प्रत्येक पायरी वरिष्ठांना दाखवून पुढे जायचं असल्याने बैठका लांबतात, पण घाई होत नाही. निवृत्त माणसाला हे परवडतं, रोज हिंजवडीला जाणाऱ्याला जमेलच असं नाही.

तब्येतीची खरी माहिती द्या

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून रिपोर्ट सोबत न्या. आकडा सातच्या आसपास असला तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात. नऊ-दहा असेल तर आधी शुगर, मग इम्प्लांट.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन चालू असेल, तर ते आवर्जून सांगा. या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, आणि कर्करोगासाठी मोठे डोस घेतलेल्यांमध्ये तो बराच वाढतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा दाताशी काय संबंध, असं वाटून आपल्याकडच्या आज्या नेमकी हीच गोळी सांगत नाहीत. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या की प्रश्न मिटतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यात दाताच्या रक्तस्रावापेक्षा हृदयाचा धोका मोठा असतो.

सिगारेट, तंबाखू, गुटखा यांनी इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. त्यात मिश्रीही आली. मिश्री लावणाऱ्या बायकांना "तंबाखू खाता का?" असं विचारलं की त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. आई किंवा सासूबाईंना घेऊन गेला असाल तर हे तुम्हीच सांगा.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी त्यावर उपचार. ज्या जंतूंनी दात घालवला ते तोंडात तसेच ठेवून तिथे नवा स्क्रू बसवण्यात अर्थ नाही.

सीबीसीटी स्कॅन

साधा एक्स-रे हाडाची उंची दाखवतो, जाडी दाखवत नाही. म्हणून सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करतात. मोठ्या क्लिनिकमध्ये यंत्र असतं, नाहीतर चिठ्ठी घेऊन स्कॅन सेंटरला जायचं. यंत्रात हनुवटी टेकवून उभं राहायचं, ते डोक्याभोवती एक फेरी मारतं, काम झालं.

डॉक्टरांना स्कॅन पडद्यावर उघडून दाखवायला सांगा. चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसायला हाड साधारण सहा-सात मिलिमीटर रुंद हवं. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस हाडातूनच जाते. तिच्या आणि स्क्रूच्या टोकामध्ये किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. वरच्या मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी पडलं तर सायनस लिफ्ट करावी लागते, म्हणजे पोकळीचा पातळ पडदा हळूच वर उचलून खाली हाड भरायचं. स्कॅनची मूळ फाइल सीडीवर किंवा लिंकवर स्वतःकडे ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर छापील फोटो पुरत नाही.

हाड भरायची वेळ आली तर एक गोष्ट विचाराच, कारण ती आपणहून कुणी सांगेलच असं नाही. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ग्राफ्टपैकी एक गाईगुरांच्या हाडापासून बनतं. सगळं सेंद्रिय काढून टाकलेला तो खनिज भाग असतो. त्यावर झाकायचा कोलॅजनचा पडदा अनेकदा गाईगुरांपासून किंवा डुकरापासून मिळवलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या हे सुरक्षित आहे. पण घरात याचं वावडं असेल तर शस्त्रक्रियेनंतर कळून मनस्ताप होण्यापेक्षा आधी सांगा. रासायनिक पद्धतीने बनवलेली ग्राफ्ट मिळतात, आणि आपलंच हाड थोडं खरवडून वापरण्याचाही मार्ग आहे.

खर्चाचा कागद

पुण्यात एका दाताचं पूर्ण काम, म्हणजे स्क्रू, अॅबटमेंट आणि कॅप मिळून, साधारण तीस ते साठ हजारांच्या दरम्यान जातं. ग्राफ्ट किंवा सायनस लिफ्ट लागली तर त्याहून वर. याच्या निम्म्यात इम्प्लांट अशी जाहिरात दिसली तर ती बहुतेक वेळा फक्त स्क्रूची किंमत असते.

आम्हाला एका क्लिनिकने दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: "इम्प्लांट पूर्ण", आणि पुढे आकडा. असा कागद घेऊन घरी येऊ नका. स्कॅन, दात काढणं, ग्राफ्ट, पडदा, स्क्रू कंपनीच्या नावासह, अॅबटमेंट, कॅप कशाची, मधल्या काळातला तात्पुरता दात, नंतरच्या तपासण्या, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. आणि खाली हेही लिहून घ्या, की हाडाने स्क्रू धरला नाही तर दुसऱ्यांदा बसवताना कोणते पैसे पुन्हा लागतील. "आजीवन वॉरंटी" म्हणतात तेव्हा कंपनी सहसा सुटा भाग बदलून देते. डॉक्टरांची फी, ग्राफ्ट, नवी कॅप हे त्यात धरलेलं नसतं. नेहमीच्या आरोग्य विम्यात इम्प्लांट बहुधा बसत नाही, अपघाताने दात गेला असेल तर पॉलिसी वाचून पाहा.

कंपनी कोणती? स्ट्रॉमन आणि नोबेल बायोकेअर या महागड्या. ऑस्टेम, डेंटियम या कोरियन, अदिन, अल्फा-बायो या इस्रायली कंपन्या त्याखालच्या किमतीत. माझ्या मते साध्या केसमध्ये महाग आणि मधल्या किमतीच्या स्क्रूमधल्या फरकापेक्षा बसवणाऱ्याच्या हाताचा फरक मोठा. मात्र नावही न ऐकलेली कंपनी नको, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे. दहा वर्षांनी अॅबटमेंट धरून ठेवणारा वरचा बारीक स्क्रू बदलायचा झाला तर त्याच मापाचा सुटा भाग बाजारात मिळायला हवा.

शस्त्रक्रियेचा दिवस

फक्त जागेवर भूल देणार असतील तर उपाशी जायचं नाही, नीट जेवून जायचं. बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची. गुंगीचं औषध देणार असतील तर उपवासाच्या सूचना वेगळ्या असतात, आणि परतताना सोबत कुणीतरी हवंच. त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. पुढचे काही दिवस सुजलेल्या गालावर फुलफेस हेल्मेट चढवणंही सुखाचं नसतं. रिक्षा किंवा मेट्रो बरी.

एका इम्प्लांटला अर्धा ते एक तास लागतो. हिरडीला छोटी चीर देतात, मग बारीक ड्रिलपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने जाड ड्रिल वापरतात. दुखत नाही, पण जाणवतं: कानापर्यंत पोचणारी घरघर, आणि घशाशी सलाइनचं खारट गार पाणी, जे सक्शनची नळी सतत ओढत असते. ते पाणी महत्त्वाचं, कारण हाडाचं तापमान ४७ अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात. शेवटी स्क्रू अगदी हळू फिरवत बसवतात. किती घट्ट बसला ते टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवायला लागणाऱ्या जोरात, मोजतात. ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या आसपास आकडा आला तर डॉक्टर खूश असतात. मग टाके आणि एक एक्स-रे.

घरी आल्यावर पहिला दिवस बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, चूळ दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची. खायला कोमट किंवा गार गुरगुट्या भात, दहीभात, पातळ मुगाची खिचडी, शिरा. चिवडा, भडंग, बाकरवडी, शेंगदाणे टाके निघेपर्यंत डब्यात राहू द्या. बारीक कण जखमेत अडकतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. टाके सात ते दहा दिवसांत काढतात.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतेय, ताप आलाय, रक्त थांबत नाही, तर फोन करा. एका बाबतीत मात्र वाट अजिबात पाहायची नाही: भूल उतरायची वेळ उलटून गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नसेवर दाब येत असेल तर स्क्रू लगेच काढण्याने फरक पडतो, आठवडाभर थांबल्यावर तितका पडत नाही.

हाड धरण्याचे महिने

१९५२ मध्ये स्वीडनचे पर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तपुरवठा तपासत होते. त्यासाठी बसवलेला टायटॅनियमचा भाग नंतर निघेना. हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. त्यावर पुढे काम करून १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत चाळीस वर्षं टिकले. हाड आणि टायटॅनियम यांची ही जोडणी घडायलाच वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्या जबड्यात हाड सच्छिद्र असल्याने तीन ते सहा. ग्राफ्ट केलं असेल तर आणखी.

मग जाहिरातींत दिसणारं "तीन दिवसांत पक्के दात" हे काय आहे? सगळा जबडा एकाच वेळी करताना चार-सहा इम्प्लांट एका पट्टीने एकमेकांना बांधले आणि सगळे घट्ट बसलेले असले, तर वर लगेच दात लावता येतात. एकट्या पुढच्या दातालाही तात्पुरती कॅप त्याच दिवशी बसू शकते, पण ती समोरच्या दातावर आपटणार नाही अशी थोडी आखूड ठेवतात. ती दिसण्यासाठी असते, चावण्यासाठी नाही. घरात लग्नकार्य असेल आणि पुढचा दात गेलेला असेल, तर तारीख सुरुवातीलाच सांगा म्हणजे तात्पुरत्या दाताची सोय होते.

कॅप बसवताना

हाडाने धरलं की हिरडीतून हीलिंग कॅप, म्हणजे स्क्रूवरचं तात्पुरतं झाकण, वर आणतात, हिरडीला आकार येऊ देतात आणि मग माप घेतात, साच्याने किंवा स्कॅनरने. पुढचा दात असेल तर रंग दिवसाउजेडी ठरवा. संध्याकाळच्या अपॉइंटमेंटला ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग बाहेर वेगळा दिसतो.

कॅप स्क्रूने बसवणार की सिमेंटने, हे विचारा. जमत असेल तिथे मी स्क्रूच्या बाजूने आहे: काही झालं तर उघडता येते, आणि सिमेंटचा राहिलेला कण हिरडीखाली अडकून जळजळ होण्याची भीती नाही.

चावा तपासताना निळा किंवा लाल कागद दाताखाली धरतात. इथे कंटाळा न करता पुन्हा पुन्हा चावून दाखवा. आपल्या दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते, त्यामुळे तो किंचित दबतो आणि उंच लागलं तर लगेच कळवतो. इम्प्लांट थेट हाडात असतं, ते दबतही नाही आणि तितकं कळवतही नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड करून घ्या, नाहीतर कॅपचा टवका उडतो किंवा आतला स्क्रू सैल होतो. शेवटचा एक्स-रे मागून घ्या. पुढे हाड उतरतंय का हे त्याच्याशीच ताडून पाहायचं असतं.

खालची कवळी हलत असेल तर

पूर्ण दात गेलेल्यांची वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते, खालची मात्र जिभेबरोबर उचलली जाते. त्यासाठी सगळा जबडा स्क्रूंनी भरायची गरज नसते. हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळीत आतून बटणासारखी खाच करायची, की ती टक्कन बसते. या भागात हाड सहसा पुरेसं असतं आणि ती मागची नस वाटेत येत नाही. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञ परिषदेने खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं होतं. चार इम्प्लांटवर पक्के दात बसवण्याचा खर्च लाखांत जातो. दोन इम्प्लांट त्याच्या तुलनेत बरेच स्वस्त, आणि ज्येष्ठांसाठी माझी पसंती यांनाच. आमच्या आईची खालची कवळी अशीच आहे. भाकरी ती अजूनही दुधात कुस्करूनच खाते, पण ती आयुष्यभराची सवय; काकडी मात्र कोचवून न घेता थेट चावते. बटणातली प्लास्टिकची टिकली झिजते आणि अधूनमधून बदलावी लागते, तेवढं लक्षात ठेवायचं.

नंतरची निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड यांना संसर्ग होऊ शकतो, आणि तो बराच काळ दुखत नाही. ब्रश करताना तिथून रक्त येणं ही पहिली खूण. रोज रात्री सुपरफ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा, वापरा: त्याचं ताठ टोक कॅपच्या बाजूच्या फटीतून आत घालायचं, मागून वळवून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचं आणि मधला जाडसर भाग हिरडीलगत पुढे-मागे ओढायचा. बोटं जमत नसतील तर फटींसाठीचा बारीक ब्रश, प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा. पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र सोबतीला चांगलं, पण एकट्याने पुरत नाही. सहा महिन्यांनी तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तसा एक्स-रे.

इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेलं स्टिकर येतं. ते चिकटवलेलं कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो मुलांनाही पाठवा. उद्या बंगळुरूला किंवा अमेरिकेला मुलाकडे असताना कॅप हलायला लागली, तर तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न "कुठल्या कंपनीचं?" हाच असतो.

आणि कॅप हललीच, तर घाबरण्याआधी फरक समजून घ्या. दुखत नाही, नुसती फिरतेय, तर बहुतेक वेळा आतला बारीक स्क्रू सैल झालेला असतो. तो घट्ट करणं एका भेटीचं काम आहे. तोवर त्या बाजूने चावायचं नाही आणि फेव्हिक्विकला हात लावायचा नाही. कॅपसकट सगळंच हलतंय आणि दाबल्यावर दुखतंय, तर हाडाने धरलेलं सुटलं असण्याची शक्यता आहे. मग ते काढून जागा काही महिने भरू द्यावी लागते, आणि हाड पुरेसं उरलं असेल तर पुन्हा बसवता येतं.